आपले विनीत

प्रत्येक घराण्यात एक तरी मास्तर असतो, आणि घराण्यातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर लिहिण्याचे काम आपसूक त्याच्याकडे चालत येते. आचारी कुठला आणायचा, बँड कोणाचा सांगायचा, यावरून रुसवेफुगवे होतात. पण मजकूर कोणी लिहायचा यावर आमच्या भाऊबंदकीत आजवर मतभेद झालेला नाही. "मजकूर मास्तर लिहील," एवढे म्हणून मंडळी पुढच्या विषयाकडे वळतात. मी मराठी विषय घेऊन एम.ए. झालो, त्याचा घराला झालेला बहुधा हा एकमेव उपयोग. गेल्या तीस वर्षांत पन्नास-साठ पत्रिका तरी माझ्या हातून गेल्या असतील. त्यामुळे या विषयात आपल्याला काही कळते असा माझा समज होता. २०२५ च्या वैशाखात तो दूर झाला. त्याचीच ही हकिकत.

लग्न माझ्या पुतण्याचे होते. माझे थोरले बंधू ऐन तारुण्यात सुरतेला गेले. साक्री तालुक्यातली आमची कोरडवाहू जमीन दोन भावांना पुरणारी नव्हती. मी शाळेला लागलो, ते उधन्याच्या लूमवर लागले. पुढे डिंडोलीत दोन खोल्यांचे घर झाले. डिंडोली म्हणजे सुरत शहराचाच भाग, पण आपला माणूस तिथे उतरला तर तासभर तरी त्याला परके वाटायचे नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली गावेच्या गावे तिथल्या गल्ल्यांतून नांदतात. भरताची वांगी मिळतात, कळण्याचे पीठ मिळते, श्रावणात कानबाई बसते. दुकानाच्या पाट्या गुजराती, आतला हिशेब हिंदीत आणि गिऱ्हाइकाशी भांडण अहिराणीत, असा एकूण कारभार.

बंधू २००९ साली गेले. पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याची बहीण आठ. मी वहिनींना म्हटले, गावी चला. त्या म्हणाल्या, गावी जाऊन काय खायचे? त्या डिंडोलीतच राहिल्या. घरबसल्या साड्यांना लेस लावणे, खडे चिकटवणे, धागे कापणे, असे नगावर मिळणारे काम त्यांनी सोळा वर्षे केले. मुलगा महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकला, पुढे संगणकावर साडीची नक्षी काढण्याच्या कामात तरबेज झाला. मी काय केले? दिवाळीला कपडे केले, जूनमध्ये वह्या पाठवल्या आणि सल्ले दिले. हे आधीच सांगून टाकतो; पुढे उपयोगी पडेल.

धुळवड झाल्यावर मी नंदुरबारहून गाडीने निघालो. वाटेत नवापूर लागते. हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथली घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत होते. ती ऐकताना मनात आले, आपल्या पत्रिकेचेही असेच होणार. झालेही तसेच. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच पुतण्याने हिशेब मांडला. "नाना, गावाकडे मराठी लागेल. मार्केटमधल्या शेठलोकांना आणि सोसायटीत गुजराती. बाकीच्यांना फोनवर."

फोनवरच्या पत्रिकेला मी पूर्वी नाके मुरडीत असे. २०२० साली टाळेबंदीनंतर लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, तेव्हा पत्रिका फोनवर आल्या आणि मग तिथेच राहिल्या. तक्रार एवढीच की ती उंबऱ्यातून येत नाही. तिच्यासाठी कोणी पाण्याचा तांब्या पुढे करीत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघे पत्रिकेच्या दुकानात गेलो. आमच्या वेळी पत्रिका म्हणजे छापखाना. खिळेजुळारी एकेक खिळा उचलून ओळ बसवायचा, ट्रेडल खटखट करायचे, आणि निवड करायची म्हणजे कागद गुलाबी हवा की पिवळा, गणपती बसलेला हवा की उभा. इथे भिंतभर कप्पे आणि टेबलावर पुठ्ठ्याचे जाडजूड अल्बम. पंधरा रुपयांपासून अडीचशे रुपयांपर्यंत पत्रिका. दारे उघडावीत तशी उघडणारी, मखमलीच्या पेटीतली, झिरमिळ्या लावलेली, जाळी कापलेली. एकीत तर सुकामेव्यासाठी कप्पे होते. मालक गुजराती, हसतमुख. त्याने एक सोनेरी पत्रिका पुढे सरकवली. मधोमध पालखी, पालखीवर चमचमणारे खडे. मला, खरे सांगायचे तर, ती आवडली. मुख्याध्यापकाच्या पुतण्याची पत्रिका म्हणून गावात मिरवण्यासारखी होती.

वहिनींनी ती हातात घेतली, अंगठ्याने एक खडा चोळला आणि परत ठेवली. "हाऊ खडा दोन दिनमा निघी जाई," त्या म्हणाल्या. सोळा वर्षे खडे चिकटवलेल्या बोटांपुढे मालकही काही बोलला नाही. पुतण्याने जाड हातकागदासारखा एक साधा पिवळसर कागद निवडला. कडेने बारीक तांबडा काठ, वर गणपती, बस्स. "दिवसभर बुट्टे आणि काठच काढतो नाना," तो हसून म्हणाला, "घरच्या पत्रिकेवर तरी नको." बाविसाला एक असा भाव ठरला. शैलीचा प्रश्न सुटला असे मला वाटले. तो तर तिथून सुरू व्हायचा होता.

रात्री जेवणे झाल्यावर मी कागद पुढे ओढला. खानदेशी पत्रिकेचा साचा माझ्या हाताला पाठ आहे. वर श्रीगणेश, खाली कुलस्वामिनी, म्हणजे आमची म्हसदीची धनदाई. मग स.न.वि.वि. मग आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, चि. आणि चि.सौ.कां. तिथी, मुहूर्त, आणि स्थळ 'दारापुढे'. आमच्याकडे लग्न गावच्या घराच्या दारापुढेच लागते, मग नवरदेव सुरतेचा का असेना. त्याखाली खरा गड, नावांची यादी. एका बाजूला पुरुषमंडळी, नावापुढे कंसात हुद्दा: सरपंच, माजी सरपंच, शिक्षक, सेवानिवृत्त कंडक्टर. दुसऱ्या बाजूला महिलामंडळ, सौ., सौ., सौ. एकही नाव सुटता कामा नये. सुटले तर दहा वर्षे ऐकावे लागते. शेवटी पोराबाळांची किलबिल: "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" गुजराती कंकोत्रीतही हीच पोरे असतात. तिथे ती बोबडे बोलतात: "मारा काकाना लग्नमां जलुल जलुल आवजो."

गुजराती मजकुराची मला भीती होती. पण मांडायला बसलो तो गंमत वाटू लागली. कंकोत्री म्हणजे कुंकवाची. आपणही पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतोच. तिथी तीच, महिनाही तोच, कारण आपले आणि गुजरातचे महिने दोन्ही अमावास्येला संपतात. वर्ष मात्र वेगळे. आपला शक १९४७ चैत्रात सुरू झालेला. त्यांचा संवत २०८१, तो दिवाळीनंतर कार्तिकात बदलणार. गावात सगळ्या घराला जेवण सांगायचे तर आपण चूलबंद आवतण म्हणतो. गुजराती म्हणतो धुमाडाबंध. चूल बंद काय, धूर बंद काय, त्या दिवशी कोणाच्या घरी स्वयंपाक नाही, एवढाच अर्थ. माणसाला जेवायला बोलावण्याची भाषा सीमेच्या दोन्ही अंगांना एकच आहे, असे काहीतरी सुंदर वाक्य मला सुचलेही. या विचारात मी खूश होतो.

मजकूर पूर्ण केला. शेवटी, घरात वडीलधारा पुरुष म्हणून, 'आपला विनीत' लिहून खाली माझे नाव टाकले. कंसात मुख्याध्यापक, पुढे एम.ए., बी.एड. पुतण्याला वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"नाना, आई कुठे आहे?"

"आत असेल, भांडी आवरत असेल."

"पत्रिकेत म्हणतो मी."

मी कागद परत घेतला. सव्वाशेच्या आसपास नावे होती. चुलत चुलत्याचे व्याही होते. तीन महिन्यांची नात किलबिलीत होती. बंधूंचे नाव 'कै.' लावून जिथे हवे तिथे होते. वहिनींचे नव्हते. मी मुद्दाम गाळले नव्हते, हे शपथेवर सांगतो. आणि तेच अधिक वाईट आहे. साच्यातच जागा नव्हती. वर नवरदेवाच्या बापाचे नाव असते, आईचे नसते. खालच्या रकान्यात सगळ्या सौ. त्यात श्रीमती बसत नाही म्हणून कोणी तिला बसवीत नाही. तीस वर्षे मी हा साचा भरत आलो. अशा किती जणी माझ्या हातून गळल्या असतील याची मोजदाद माझ्यापाशी नाही.

दर ३ जानेवारीला मी शाळेत सावित्रीबाईंवर बोलतो. महर्षी कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी विवाह केला, हे सांगताना माझा आवाज भरून येतो, असे शिक्षक म्हणतात. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. हेरवाडही आपल्यासारखेच सीमेकडचे, फक्त कर्नाटकाच्या. ती बातमी मी शाळेच्या सूचनाफलकावर स्वतः लावली होती. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचे, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे. तोही मी पालकसभेत वाचून दाखवला. फळ्यावर हे सगळे आणि पत्रिकेवर असे.

त्या रात्री झोप आली नाही. पहाटे पुतण्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तीत बंधूंच्या लग्नाची पत्रिका होती, १९९५ ची. गुलाबी कागद, खिळ्यांची छपाई, एका बाजूचा 'श्री' घासलेला. २००६ च्या तापीच्या पुराच्या वेळी पेटी उचलून वर ठेवली म्हणून ती वाचली, असे वहिनी म्हणाल्या. मजकूर अर्थात माझाच. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्यात 'चि.सौ.कां.' म्हणून वहिनींचे नाव होते. त्यानंतर तीस वर्षांत त्यांचे नाव कुठे छापले गेले, याचा विचार मी केला. रेशनकार्ड, निवडणूक ओळखपत्र, बँकेचे पुस्तक. कोणाला बोलावण्यासाठी कधीच नाही.

मी ठरवले की निमंत्रक म्हणून त्यांचेच नाव घालायचे. आता सगळे सुरळीत होईल असे वाटले होते. पण वहिनींनी हातातला तवा खाली ठेवला. "मन्हं नाव वर नका टाकू भाऊ. लोके काय म्हनतीन?"

मी हेरवाड सांगितले. कर्वे सांगितले. त्या ऐकत होत्या, म्हणजे शिपाई जसे मुख्याध्यापकाचे ऐकतो तसे. मग पुतण्या म्हणाला, "आई, घर कोणाचं आहे? लग्नाचे पैसे कोणाचे आहेत? मग बोलावणारं दुसरं कोणी कसं असेल?" हा व्यवहार होता, आणि तो त्यांना कळणारा होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, टाका. पण दिरांचे नावही ठेवा, शोभा दिसते. तेव्हा माझे नाव शोभेपुरते यादीत गेले. हुद्दा मीच काढला.

दुकानात संगणकावर बसलेला मुलगा गुजराती होता, पण मराठी अक्षरे चटचट लावायचा. त्याने विचारले, "सर, आ 'कै.' एटले शुं?" मी सांगितले, कैलासवासी. त्यांच्याकडे 'स्व.' लिहितात, स्वर्गस्थ. तो म्हणाला, म्हणजे तुमचे कैलासाला जातात आणि आमचे स्वर्गाला. मी म्हटले, जातात एकाच स्टेशनवरून. तो हसला आणि पुढच्या ओळीवर आला. "मम्मीना नाम आगळ गं. स्व. लखुं ने?"

गं. स्व. म्हणजे गंगास्वरूप. आपल्याकडे जुन्या पत्रांत गं. भा. लिहीत, गंगाभागीरथी. गुजरात सरकारने २०१९ मध्ये विधवा सहाय्य योजनेचे नाव बदलून गंगा स्वरूपा योजना केले. महाराष्ट्रातही एप्रिल २०२३ मध्ये महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगाभागीरथी' शब्द वापरण्याचा विषय काढला, तेव्हा मोठा गदारोळ होऊन तसा निर्णय झालेला नाही असे त्यांना सांगावे लागले. शब्द गोड केला म्हणजे खूण पुसली जात नाही, हे तेव्हा अनेक स्त्रियांनी म्हटले होते. पुरुषाच्या नावामागे तो विधुर असल्याची खूण लावणारे अक्षर माझ्या पाहण्यात नाही. मी भाषेचा माणूस. श्रीमती चालेल का, असे पुतण्याला विचारले. तो म्हणाला, "नाना, काहीच नको. नुसतं नाव." मुलाने ते अक्षर पुसले. पडद्यावर नुसते नाव राहिले. साच्यात 'आपले विनीत' असे कायमचे भरलेले होते, ते बदलून 'आपली विनीत' करावे लागले. तेवढी एक ओळ हाताने लिहायची होती, म्हणून तो मुलगा जरा थबकला. असे कोणी आजवर मागितले नव्हते म्हणे.

दुसऱ्या दिवशी प्रूफ आले. माझे डोळे या बाबतीत कडक. सरपंचांच्या आडनावातला काना, मुहूर्ताची मिनिटे, 'आशीर्वाद'मधली दीर्घ वेलांटी, सगळे तपासले आणि कागद वहिनींपुढे ठेवला. त्या सातवी शिकलेल्या आहेत. बोट ठेवून सावकाश वाचतात. बोट खाली खाली येत आपल्या नावावर थांबले आणि तिथेच राहिले. मला वाटले, गहिवरल्या असतील.

"भाऊ, मन्हा नावमा हाई वेलांटी चुकनी का?"

त्यांनी पेटीतून शाळेचा दाखला आणला. त्यात त्यांच्या नावाची वेलांटी दीर्घ होती. मी ऱ्हस्व लिहिली होती. गुलाबी पत्रिका काढून पाहिली. तिथेही माझ्या हातची ऱ्हस्वच. म्हणजे १९९५ पासून मी त्यांचे नाव चुकीचे लिहीत होतो, आणि त्यांनी ते तीस वर्षे चालवून घेतले. विद्यार्थ्यांच्या वेलांट्यांसाठी मी आयुष्यभर तांबडी शाई खर्च केली. या घरातली एक वेलांटी मला कधी विचारावीशी वाटली नाही. "तवय काय बोलनार?" एवढेच त्या म्हणाल्या. नवी नवरी पत्रिकेतली चूक कोणाला दाखवणार?

पत्रिका छापून आल्या. पहिली कुलस्वामिनीची. मग गावचे वाटप. ते दरवेळी आम्ही पुरुष मोटारसायकलवर करतो; घरोघर पत्रिका, चिमूटभर अक्षता, उभ्या उभ्या पाणी. पहिल्याच दिवशी आमच्या वयोवृद्ध चुलत्यांनी पत्रिका नाकाजवळ धरून शेवटपर्यंत वाचली. मी मनात उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी पत्रिका खाली ठेवली आणि विचारले, "जी बलावस ती कोठे शे?"

टोमणा होता की साधा प्रश्न, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण प्रश्न बिनतोड होता. पत्रिका जिच्या नावाची, तिने यायला नको का? मी डिंडोलीला फोन लावला. दोन दिवसांनी वहिनी एस.टी.ने आल्या. पिशवीत पत्रिका, डबीत अक्षता. सोळा वर्षांत त्या गावच्या कुठल्याही शुभकार्यात पुढे आलेल्या नव्हत्या. मागच्या दाराने येत, स्वयंपाकघरात बसत. आता पाच गावांत त्या पुढच्या दाराने गेल्या. मी मागे पिशवी धरून. बहुतेक घरांत पाट मांडला, चहा झाला. एका घरी म्हातारीने हात धरून त्यांना देवापाशी नेले आणि कपाळाला हळदीचे बोट लावले. एका घरी पत्रिका त्यांच्या हातून न घेता माझ्याकडे हात केला गेला. मी ती वहिनींकडे परत दिली आणि त्यांनी ती पुन्हा पुढे केली. घेतली त्यांनी शेवटी. लग्नाला मात्र त्या घरचे कोणी आले नाही. सगळे गोड झाले असे लिहिले तर ते खोटे होईल.

लग्न दारापुढे लागले. माणसे नेहमीएवढीच आली. पत्रिकेबद्दल मांडवात फारसे कोणी बोलले नाही. वरण पातळ झाले यावर मात्र चर्चा झाली.

श्रावणात कानबाईच्या निमित्ताने पुन्हा डिंडोलीला गेलो, तेव्हा त्या दुकानावरून जाणे झाले. मालकाने हाक मारून अल्बम उघडून दाखवला. मराठी नमुन्यांच्या पानावर आमची पत्रिका चिकटवली होती. तीन गिऱ्हाइकांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तशीच मागितली, असे तो म्हणाला. एका ठिकाणी 'आपले विनीत'च ठेवले, पण खाली दोघांची नावे, आधी आईचे.

मी सध्या भाच्याच्या लग्नाचा मजकूर लिहितो आहे. वर सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्या बायकांना फोन केले आणि एकेकीला विचारले, तुमच्या नावाची वेलांटी पहिली की दुसरी? दोघी-तिघी हसल्या. एका काकूंना मात्र चटकन उत्तर देता आले नाही. दाखला शोधून सांगते म्हणाल्या. त्यांच्या फोनची वाट पाहतो आहे. तोवर मजकूर छापायला द्यायचा नाही असे ठरवले आहे.